सव्वीस मिनिटं थांबलेलं लोखंड

कानोसा बाजारात आला त्या वर्षी कोल्हापुरातल्या लोकांनी खुर्चीवर बसणं जवळजवळ सोडून दिलं.

यंत्र तसं साधं होतं. रुपयाएवढी एक चकती. फोनला जोडायची आणि वस्तूला चिकटवायची. चकती वस्तूच्या आत बारीक आवाज सोडे, तो आत कुठे अडखळतो, किती वेळात परततो ते ऐके, आणि वस्तूची आतली वीण फोनवर काढून दाखवी. कुठे भेग आहे, कुठे ताण आहे, आणि ही वस्तू आणखी किती दिवस निभावेल. निभावण्याचा आकडा देऊन कंपनी थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिने त्याला हिरवा, पिवळा आणि तांबडा असे रंग दिले. आकड्याला विचार करावा लागतो. तांबडा रंग नुसता दिसतो.

मग लग्नात पंगत बसण्याआधी मांडवाच्या खांबांना चकत्या लागू लागल्या. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी एका घरी झोपाळ्याच्या कड्या ऐकल्या, त्या पिवळ्या निघाल्या, म्हणून सगळ्यांनी उभ्यानेच पोहे खाल्ले. एका तालमीत वस्तादांची चाळीस वर्षं फिरवलेली गदा तांबडी निघाली; पोरं आता तिला लांबून नमस्कार करतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चकती स्वतःच्या बदललेल्या गुडघ्याला लावली. अकरा वर्षं, असं उत्तर आलं. आपण आधी की गुडघा आधी, या विचाराने ते रोज फिरायला जाऊ लागले.

अख्ख्या शहरात कानोशाची गरज नसलेला माणूस एकच होता. हिंगणढोणच्या झुलत्या पुलाचं एक खोगीर आतून वाईट आहे, हे रत्नाकर दत्तू मगदूम यांना कुठल्याही यंत्राशिवाय ठाऊक होतं. ते त्यांनीच ओतलं होतं.

खोगीर म्हणजे पुलाच्या बुरुजाच्या डोक्यावर बसवलेला लोखंडी ओत. पुलाचा जाड दोर त्याच्यावरून जातो आणि दोराचा, फळ्यांचा, माणसांचा, म्हशींचा सगळा भार त्याच्यावर येतो. एका पुलाला अशी चार. मगदूम नेजदारांच्या ओतकामाच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत ते सलग दहा मिनिटं एका जागी बसल्याचं घरात कोणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांची मुलगी केतकी चहा पिता पिता म्हणाली, "उद्या हिंगणढोण."

केतकी सार्वजनिक श्रवण खात्यात निरीक्षक होती. ऐकून घेणारं सरकारचं हे पहिलंच खातं म्हणून लोकांना त्याचं कौतुक होतं. ते लोकांचं नव्हे तर लोखंडाचं ऐकतं हे कळल्यावरही कौतुक फारसं उतरलं नाही.

मगदूम उठले, खिडकी लावली, परत उघडली.

"तो पूल नवा आहे की."

"नऊ वर्षं झाली, आप्पा."

"नऊ वर्षं म्हणजे नवाच."

"परवा तर नऊ वर्षांचा मिक्सर भंगारात घाला म्हणत होता," केतकीची आई इंदुमतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मिक्सरचं वेगळं आहे."

"हो. तो तुम्ही ओतला नव्हता."

इंदुमतीबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या सहज बोलत होत्या, आणि सहज बोललेलंच नेमकं लागतं.

"प्रमाणपत्रावर तुमची सही आहे," केतकी म्हणाली. "वडिलांचं काम आहे म्हणून मी खात्याला कळवलं. ते म्हणाले, आलेख आपोआप वर खात्यात येतो, तू फक्त चकती चिकटव. आणि दुसरा माणूस पाठवायला वेळ कुठे आहे? परवा रविवारी यात्रा. आजवर पालखी खालच्या उतारावरून पाण्यातून जायची. यंदा बंधाऱ्यामुळे पाणी वाढलंय, म्हणून पहिल्यांदाच पुलावरून नेणार. नाचवत."

"नाचवत?"

"पालखी नाचवतच नेतात ना, आप्पा."

मगदूमांनी कपबशी उचलून मोरीत ठेवली. कप अर्धा भरलेला होता.

*

इथे थोडं लोखंडाबद्दल सांगायला हवं.

बिडाच्या शंभर भागांत साडेतीन भाग कार्बन असतो. लोखंडाचा रस तापलेला असतो तोवर कार्बन त्यात गुण्यागोविंदाने विरघळलेला असतो. थंड होऊ लागला की लोखंड म्हणतं, आता तू बाहेर हो. मग कार्बन लोखंडाच्या पोटातच वेगळा होऊन बसतो, पेन्सिलीतल्या शिशासारखा. प्रश्न एवढाच, की कसा बसतो.

मनासारखं करू दिलं तर तो पातळ पाकळ्या होऊन पसरतो. प्रत्येक पाकळीची कड म्हणजे आयती भेग. म्हणून बिडाचा तवा हातातून पडला की दुभंगतो. पण रसात चिमूटभर मॅग्नेशियम टाकलं की तोच कार्बन अंग चोरून गोळे होऊन बसतो. भेग आली तरी तिला गोल गोळ्याशी धार सापडत नाही, ती तिथेच बोथटते. मग लोखंड वाकतं, पण तुटत नाही. घरातलं सामान गाठोड्यांत बांधून ठेवलेलं असावं किंवा खोलीभर पसरलेलं असावं. सामान तेवढंच. पण दुसऱ्या घरात चालणारा माणूस पडतो.

बाहेरून दोन्ही लोखंडं सारखीच काळी. वजनही जवळपास सारखंच. फक्त आवाज फसत नाही. गोळ्यांच्या लोखंडातून तो सेकंदाला साडेपाच किलोमीटरहून जास्त धावतो, पाकळ्यांतून वाट काढताना साडेचारावर येतो. कानोसा ऐकतो ते हेच.

आता मॅग्नेशियमचा स्वभाव. ते रसात पडताना डोळे दिपवणारा पांढरा उजेड होतो, आणि त्या क्षणापासून ते उडून जाऊ लागतं. दहा-बारा मिनिटांच्या आत रस साच्यात गेला पाहिजे. नंतर ओतला तर कार्बन पुन्हा पाकळ्या पसरून बसायला मोकळा.

आणि आता नेजदारांच्या कारखान्याचा स्वभाव. तिथे कुठल्याही मोठ्या कामाचा पहिला ओत पाहुण्याच्या हातचा असे. रसाच्या बादलीला, म्हणजे लॅडलला, आधी हळदकुंकू लागे, नारळ फुटे, पाहुणा ती कलंडवायच्या चाकाला हात लावी, आणि मगदूम ते खरोखर फिरवत. कामगारांत म्हणच पडली होती: साहेब फाटकात, मॅग्नेशियम लॅडलात.

नऊ वर्षांपूर्वी हिंगणढोणच्या पुलाच्या पहिल्या खोगिराला एक मंत्री आले. फाटकावरून फोन आला, "साहेब उतरले." मगदूमांनी मॅग्नेशियम टाकलं. साहेब उतरले होते हे खरंच होतं. पण फाटकाशी लेझीम पथक होतं. मग शाल. मग फेटा. फेटा सुटला, म्हणून परत फेटा.

चौथ्या मिनिटाला मगदूमांनी त्याच लॅडलमधून तपासणीचा नमुना ओतून घेतला. निदान तो तरी वेळेत. बाराव्या मिनिटाला ते मालकांच्या कानाशी गेले.

"आबासाहेब, हा रस आता गेला. भट्टीत परत घालू. पाऊण तास द्या."

"आणि साहेबांनी काय रिकाम्या लॅडलला हात लावायचा?" आबासाहेब नेजदार हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, समोर कॅमेरा होता. "थांब जरा. आले बघ."

आले ते सव्विसाव्या मिनिटाला. मगदूमांनी चाक फिरवलं. पुढची तीन खोगिरं वेळेत झाली, कारण त्यांना पाहुणा नव्हता. नमुना प्रयोगशाळेत उत्तम उतरला, मगदूमांनी सही केली. प्रमाणपत्रातला शब्द न् शब्द खरा होता. तो फक्त पुलाबद्दल नव्हता.

नऊ वर्षं काही झालं नाही, यात नवलही नव्हतं. नुसत्या दाबाखाली पाकळ्यांचं लोखंडसुद्धा हत्तीसारखं उभं राहतं. त्याला खपत नाही तो झटका. दोनशे माणसं एका ठेक्यावर पालखी नाचवतात, तसला.

*

शुक्रवारी दुपारी मगदूम आबासाहेबांच्या बंगल्यावर गेले. दिवाणखान्यात तीन सोफे होते आणि आबासाहेब खाली सतरंजीवर बसले होते.

"ये रत्नाकर. खालीच बस. सोफं पिवळं आल्यात."

"आबासाहेब, केतकी उद्या हिंगणढोणचा पूल ऐकणार."

"चांगलं हाय की."

"पहिलं खोगीर."

आबासाहेबांनी तक्क्या सरळ केला, मग परत वाकडा केला.

"नऊ वर्षं झाली. काय झालं का?"

"झालं असतं तर आज मी तुमच्याशी बोलत नसतो. तुरुंगात दोघांना वेगवेगळं ठेवतात म्हणे."

"उगं वाकडं बोलू नगंस. ऐक. पोरीला म्हणावं, सोमवारी जा. यात्रा सुखानं हुंदे. मग मी माझ्या पदरानं चारी खोगिरं नवी घालतो. देखभाल म्हणून. कुणाचं नाव न्हाई, गाव न्हाई. पूल चांगला, तू चांगला, आणि मी तर हाईच."

यातली वाईट गोष्ट अशी की सूचना चांगली होती. मगदूमांनी ती मनात उलटसुलट करून पाहिली. कुठेही खोट नव्हती. फक्त मधे एक रविवार येत होता.

"रविवारी पालखी आहे पुलावर."

"देवाचं काम हाय. देव बघंल."

"पहिला ओतही देवाचंच काम होतं."

आबासाहेबांनी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं. पंखाही त्यांनी बंद ठेवला होता.

"तुझीच सही हाय, रत्नाकर," ते अगदी मायेने म्हणाले. "माझी कुठंच न्हाई. तुझ्यासाठी सांगतोय. पोरगी सरकारी नोकरीत हाय तुझी. बापाचं नाव तिच्याच हातनं लिवायला लावतोस व्हय?"

मगदूम घरी आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन नळांचे वायसर बदलले. त्यांतला एक गळत होता.

*

शनिवारी सकाळी ते बोलावल्याशिवाय केतकीच्या गाडीत जाऊन बसले. गाडी आपली आपण चालणारी होती आणि तिच्या आसनांना माणसाची चुळबुळ कळत असे. शहराबाहेर पडेपर्यंत तिने दोनदा विचारलं, "मागील प्रवासी अस्वस्थ आहेत. गाडी थांबवू का?"

"नको," मगदूम म्हणाले.

तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "थांबव."

उसाच्या कडेला गाडी उभी राहिली. मगदूम उतरले नाहीत. समोरच्या आसनाच्या पाठीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. फाटक, लेझीम, फेटा. सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

केतकीने मागे वळून पाहिलं नाही.

"किती मिनिटं?"

"सव्वीस."

"मी अकरावीत असताना तुम्ही मला गोळे आणि पाकळ्या काढून दाखवल्या होत्या. साखरेच्या पुडीवर. म्हणून मी या विषयाला आले."

"हो."

"आधी, की नंतर?"

"त्याच्या नंतरच्या आठवड्यात."

उसातून एक गाडी आवाज करत गेली. केतकीने ती लांब जाऊ दिली.

"मला तुम्ही पाकळ्या समजावत होता, तेव्हा ते खोगीर कारखान्यात होतं?"

"बाहेर अंगणात. रंग वाळत होता."

"नऊ वर्षांत सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"मग?"

"मधे सणवार यायचे."

केतकीला हसू आलं असतं, एरवी. "चल," ती म्हणाली, पण गाडीला. मग बऱ्याच वेळाने मगदूमांना म्हणाली, "कुठलं ते मला सांगू नका. चारही सारखीच ऐकीन."

*

हिंगणढोणला नदीच्या अलीकडे रस्ता संपतो. पलीकडे वाडी आहे, देऊळ आहे, पण गाडीवाट नाही. म्हणून तर पूल. पुलाला पताका लागल्या होत्या. केतकी लोखंडी शिडीने अलीकडच्या बुरुजावर चढली. डावं खोगीर हिरवं. उजवं हिरवं. दोन्हींत आवाज साडेपाचाच्या वर.

मग तिने पलीकडे जायला फळ्यांवर पाऊल टाकलं.

"केतकी, थांब. मी जातो, मला चकती लावता येते."

"तुमच्याकडे परवाना नाही, आप्पा."

ती चालू लागली. मगदूम मागोमाग निघाले. दोघांच्या वजनाने पुलाला काही होणार नाही, हे गणित त्यांना येत होतं. तरी प्रत्येक पावलाला ते ते पुन्हा करत होते. अर्ध्यावर त्यांना मागून हाक आली. आबासाहेबांची गाडी येऊन उभी होती आणि खुद्द आबासाहेब धोतर सावरत पुलावरून येत होते.

"अगं पोरी, दमानं! उद्या देवाची पालखी, आज कशाला ह्यो खटाटोप? काय हुत न्हाई पुलाला. बघ, मी चालतोय की."

आणि ते खरोखरच चालत पलीकडे आले.

पलीकडचं डावं खोगीर हिरवं निघालं. उजव्यावर चकती लावून केतकी बराच वेळ वरच थांबली. खाली आल्यावर तिने फोन वडिलांसमोर धरला. चार पूर्णांक सहा. खाली आतलं चित्र होतं. पाकळ्या, एकीत एक गुंतलेल्या, कोणी बसून काढाव्यात तशा. आणि त्यांच्यामधून पाकळीपाकळीला धरत गेलेली एक भेग, बोटभर आत.

मगदूमांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. वाईट ओताचं इतकं चांगलं चित्र त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

केतकीने फोनवरूनच पुलाचं अलीकडच्या टोकाचं फाटक बंद केलं आणि पलीकडच्या तोंडाशी पिवळी पट्टी बांधायला घेतली. तेवढ्यात वाडीकडून एक म्हातारी आली. डोक्यावर दुधाची किटली.

"ह्ये काय? डेरीला जायचंय मला."

"पूल बंद केलाय, आजी. वरचं लोखंड फुटायला आलंय."

"मंग मी काय सांगत हुते?" म्हातारीने किटली खाली ठेवली. तिचं नाव हौसाबाई. "दोन वर्सं सांगतीया, ह्या टोकाला पूल टकटक करतोय. पंचायतीत गेले, तर सरपंच म्हणला, आजी, तुमचं गुडघं वाजत असतील. मी म्हणलं, माझं गुडघं मी घरला नेते, ह्यो आवाज हितंच ऱ्हातोय."

केतकीने फोनवर बंदीचा अर्ज उघडला होता. त्यात दोन रकाने होते: तक्रारदार आणि जबाबदार. तिची बोटं थांबली.

"माझं नाव घाल," मगदूम म्हणाले.

"कशात?"

"आज सांगितलं म्हणून पहिल्यात. नऊ वर्षं नाही सांगितलं म्हणून दुसऱ्यात."

केतकीने दोन्हीकडे नाव घातलं. अर्जाने ते परत केलं. एकच व्यक्ती दोन्ही रकान्यांत चालत नाही.

"मग वरचं खोड."

"तक्रारदार लागतोच, आप्पा. रिकामा ठेवता येत नाही."

"माझं घाला की तिथं," आबासाहेब पटकन म्हणाले. "जबाबदार नागरिक म्हणून. उद्योजक म्हणून. पालखी वाचवली आपण."

तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. हौसाबाईंनी तर किटलीवर टेकून नीट पाहिलं.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," केतकी म्हणाली.

"हौसाबाई बापू खाडे. कशाला?"

"तुम्ही तक्रार केली होती ना?"

"दोन वर्सं."

केतकीने ते लिहिलं. मग दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं, एक एक अक्षर, फोन चुकीचा शब्द सुचवत होता तो खोडत. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आबासाहेब, तक्रारदार एकच चालतो. जबाबदारच्या रकान्यात मात्र कितीही नावं मावतात. तुमचं संपूर्ण नाव?"

"माझी सही कुठं हाय?"

"सहीचं नाही विचारलं. बाराव्या मिनिटाला 'थांब' कोण म्हणालं, ते विचारलंय."

आबासाहेबांनी मगदूमांकडे पाहिलं. मगदूम बाजूला झाले नाहीत. ते आज सकाळपासून पहिल्यांदाच एका जागी उभे होते. केतकीने नाव स्वतःच लिहिलं. ते जिल्ह्यात सगळ्यांनाच पाठ होतं.

"झालं न्हवं तुमच्या मनासारखं?" आबासाहेब म्हणाले. "आता चला पलीकडं. गाड्या तिकडं हाईत."

"पूल बंद आहे."

"अगं पण आपण आलो की आत्ताच तिघं. तिघांच्या वजनानं काय हुतंय? नऊ वर्षं काय झालं न्हाई."

मगदूमांनी पिवळी पट्टी वर उचलून धरली. "या. तुम्ही पुढं व्हा."

आबासाहेबांनी फळीवर एक पाय ठेवला. वाऱ्याने पूल नेहमीसारखा जरा हलला, आणि वर कुठेतरी बारीक टक् झालं.

त्यांनी वर पाहिलं. पाय मागे घेतला. धोतराचा सोगा झटकला.

"लांबनं रस्ता किती हाय म्हणालात?" त्यांनी हौसाबाईंना विचारलं.

"बंधाऱ्यावरनं नऊ किलोमीटर."

"न्हाई तरी डॉक्टरनी मला चालाय सांगितलंयच. साखर हाय जरा," असं म्हणून ते पायवाटेला लागले.

हौसाबाईंनी किटलीची कडी मगदूमांच्या हातात दिली. "पूल तुमी घालवला, दूध बी तुमीच न्या." मगदूमांनी निमूटपणे किटली उचलली आणि चालू लागले. केतकी शेजारून चालत होती. नदीचं वळण आलं.

मग म्हणाली, "आप्पा, पहिल्या ओताला पाहुणा दरवेळी असायचा?"

"मोठं काम असलं की असायचाच."

"आणि वेळेवर यायचे सगळे?"

मगदूमांनी किटली या हातातून त्या हातात घेतली.

"बहुतेक दहा-बारा मिनिटांत यायचे," ते म्हणाले. मग दहा-वीस पावलं गेल्यावर, "तिघं सोडून."

केतकीने फोन काढला, नवा अर्ज उघडला.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "नऊ किलोमीटर आहेत."

पुढे चालणाऱ्या आबासाहेबांनी वेग वाढवला.